भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्याने पिकअप कोणती घ्यावी?

घरात पिकअप घ्यायचं ठरलं की पहिली चर्चा कंपनीची होते. महिंद्राची बोलेरो बरी की टाटाची इंट्रा, अशोक लेलँडची दोस्त कशी चालते, शेजारच्या गावातल्या अमक्याने कोणती घेतली, यातच आठवडे जातात. माझ्या मते भोर आणि वेल्हे (आता राजगड तालुका) या भागात हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. त्याआधी गाडी कोणत्या रस्त्याने जाणार, वर्षात किती खेपा करणार आणि हौद्यात नेमकं काय भरलं जाणार, हे कागदावर मांडलं पाहिजे. तेवढं मांडलं की निम्म्या गाड्या आपोआप यादीतून गळतात, आणि काही घरांच्या बाबतीत तर गाडी घेण्याचा विचारच गळतो.

पुणे-सातारा महामार्ग या भागाच्या पूर्वेकडून जातो. नसरापूरच्या चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याला आणि कापूरहोळवरून भोरला आत वळलं, की सपाट रस्ता थोडाच वेळ साथ देतो. पुढे वेळवंड खोरं, हिरडस मावळ, भुतोंडे, गुंजण मावळ, कानंद खोरं असा सह्याद्रीच्या रांगांनी कापलेला मुलूख सुरू होतो. 1928 मध्ये पूर्ण झालेल्या भाटघर धरणाचं पाणी वेळवंडी नदीच्या खोऱ्यात लांबवर पसरलेलं आहे. समोर दिसणाऱ्या गावाला जायला काठाकाठाने मोठा वळसा पडतो. नीरा-देवघर आणि गुंजवणीच्या जलाशयांभोवतीही तेच. वेल्ह्यातून पुण्याला जवळच्या वाटेने जायचं तर पाबे घाट चढून खानापूरकडे उतरावं लागतं. भोरमधून मांढरदेवी-वाईकडे जायचं तर आंबाडखिंड आणि कोकणात उतरायचं तर वरंधा घाट. वरंधा तर पावसाळ्यात दरडींमुळे वरचेवर बंद ठेवावा लागतो.

या मुलखात गाडीत भरलं जाणारं ओझंही एकसारखं नसतं. पश्चिमेकडच्या खोऱ्यांत मुख्य पीक भात, म्हणजे इंद्रायणी आणि काही ठिकाणी आंबेमोहोर, आणि वरकस जमिनीवर नाचणी-वरई. खाचरं लहान, धारण क्षेत्र लहान. झोडणी झाल्यावर भात घरी येतो, त्यातलं बरंच घरच्या खाण्याला राहतं आणि उरलेलं थोडं थोडं गिरणीवर जातं. अशा घराला पिकअपभर माल एकाच दिवशी बाजारात न्यायची वेळ वर्षात फार वेळा येत नाही. महामार्गाच्या बाजूला आणि कालव्याचं पाणी पोचलेल्या गावांत चित्र वेगळं आहे. तिथे टोमॅटो, वांगी, पालेभाज्या, फुलं निघतात आणि हंगामात रात्रीच माल भरून पहाटे पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात पोचवावा लागतो. दुधाचे कॅन रोज सकाळ-संध्याकाळ हलतात. एकाच तालुक्यातल्या या दोन शेतकऱ्यांना एकच गाडी सुचवणारा विक्रेता दोघांपैकी एकाचं तरी नुकसान करतो.

ओझ्याचा हिशेब थोडा नीट करू. युरियाची गोणी 45 किलोची, डीएपीची 50 किलोची. 1300 किलो क्षमतेच्या गाडीत 50 किलोची 26 पोती बसतात, त्यापुढे एकही नाही. पेंढ्याचं उलट असतं. हौदा भरून, वर दोरखंडाने बांधून गाडी डोंगराएवढी दिसते, पण वजन क्षमतेच्या बरंच खाली राहतं. तिथे अडचण उंचीची आणि वाऱ्याची. फसगत होते ती ओल्या शेणखतात आणि वाळू-मुरुमात. नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि सव्वा फूट खोल हौदा घ्या. त्यात सुमारे पावणेदोन घनमीटर माल मावतो. तो वाळूने काठोकाठ भरला तर वजन अडीच टनांच्या पुढे जातं, म्हणजे गाडीच्या क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट. फाळका लागला म्हणजे वजन बरोबर आहे, हा समज म्हणूनच धोकादायक आहे. भरणाऱ्याला आपल्या मालाचं वजन ठाऊक असलंच पाहिजे.

आता बाजारात काय मिळतं ते पाहू. आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या तीनचाकींनी आणि मॅटॅडोरने एका पिढीचा माल वाहिला. 1986 मध्ये टाटाची 407 आली. 2005 मध्ये टाटा एस आली, तिला लोकांनी छोटा हत्ती हे नाव दिलं, आणि लहान शेतकऱ्याच्या दारात पहिल्यांदा चारचाकी मालगाडी उभी राहिली. आज सर्वांत खालच्या पायरीवर याच एसच्या नव्या आवृत्त्या, महिंद्राची जीतो आणि मारुतीची सुपर कॅरी आहेत. त्यांची क्षमता साधारण 600 ते 900 किलो. मधल्या पायरीवर टाटा इंट्रा आणि अशोक लेलँड दोस्त, एक ते दीड टनाच्या. वरच्या पायरीवर महिंद्राच्या बोलेरो पिकअपची मोठी मालिका आणि टाटा योद्धा, सव्वा ते दोन टनांपर्यंत. इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स या शौकाच्या पिकअप आहेत. त्यांची किंमत पाहता शेतमालाच्या भाड्यातून त्या कधीच फिटणार नाहीत, म्हणून त्या इथे बाजूला ठेवतो.

जाहिरातीत अश्वशक्तीचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. घाटात मात्र कमी फेऱ्यांवर इंजिन किती जोर लावतं, म्हणजे टॉर्क, हे महत्त्वाचं. बोलेरो पिकअपचं 2523 सीसीचं डिझेल इंजिन सुमारे 75 अश्वशक्तीचं आहे आणि इंट्रा व्ही-30 चं 1496 सीसीचं इंजिन 70 अश्वशक्तीचं. आकडे जवळपास सारखे. पण टॉर्क पाहिला तर बोलेरो 195 न्यूटन मीटरच्या घरात आणि व्ही-30 त्याच्या बरीच खाली. त्याच इंट्राच्या व्ही-50 मध्ये तो 220 पर्यंत जातो आणि योद्धा 2.0 मध्ये 250 पर्यंत. पाबे घाटाच्या चढावर भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये न अडखळता चढते की पहिल्यात टाकून क्लच जाळत न्यावी लागते, हे या फरकावर ठरतं. तीस अश्वशक्तीची लहान पेट्रोल गाडी अर्ध्या भाराने हा घाट चढेल. पूर्ण भार टाकून रोज चढवली तर क्लच प्लेटचा खर्च मालकाला लवकरच कळेल.

चढापेक्षाही मला काळजी उताराची वाटते. आपल्या भागातला माल खिंड ओलांडून बाजाराला जातो, म्हणजे चढाइतकाच उतारही भरलेल्या गाडीने करावा लागतो. वरंध्यातून महाडकडे जाणारी गाडी तर पूर्ण भारासह कोकणात उतरते. उतारावर गाडी सांभाळतं ते लहान गिअरमधलं इंजिन. ब्रेक त्याच्या जोडीला लागतात. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारा चालक ब्रेक तापवतो आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात. आणखी एक घातक सवय म्हणजे गाडी घेतल्याबरोबर मागे जादा पाटे बसवून घेणं. पाटे वाढवले की हौदा खाली बसलेला दिसत नाही, एवढंच होतं. ब्रेक तेच राहतात, चाकांचे नट तेच, एक्सल तोच. दीड टनासाठी बनवलेले ब्रेक अडीच टन थांबवू शकत नाहीत.

वळणांचाही विचार करा. बोलेरो पिकअपच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर सव्वातीन मीटरच्या आसपास, इंट्रा व्ही-30 चं अडीच मीटरच्या आत. गावातल्या बोळात, बांधावरच्या वाटेत आणि खिंडीच्या तीव्र वळणावर हा फरक रोज जाणवतो. दहा फुटी हौद्याची लांब गाडी महामार्गाला उत्तम आहे. वाडीवर जिथे मागे-पुढे करत वळवावं लागतं, तिथे ती मालकाला थकवते.

चिखलाचा प्रश्न जून ते सप्टेंबरचा. या गाड्यांची ताकद मागच्या चाकांना मिळते. हौदा रिकामा असला की मागची चाकं हलकी होतात आणि निसरड्या पाणंदीत जागच्या जागी फिरत राहतात. बोलेरो पिकअप, तिची दुहेरी केबिनची कॅम्पर आणि योद्धा या मालिकांमध्ये चारही चाकांना ताकद देणाऱ्या आवृत्त्या आहेत. किंमत वाढते, वजन वाढतं, डिझेल थोडं जास्त लागतं. ज्यांचं घर पक्क्या रस्त्यापासून आत आहे आणि पावसाळ्यातही रोज दूध बाहेर काढावं लागतं, त्यांनी ती जरूर घ्यावी. बाकीच्यांनी चांगल्या खाचांचे टायर आणि रिकाम्या हौद्यात वाळूची दोन-चार पोती एवढ्यावर भागवावं. वाट सुधारली तर प्रत्येकाचीच गाडी चालेल. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना 2021 पासून आहे. ग्रामसभेत तिच्यासाठी भांडणं हे चारचाकी ताकदीपेक्षा स्वस्त आहे.

या ठिकाणी जपानचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथलाही भातशेतकरी डोंगर-उतारावरच्या लहान खाचरांत राबतो, आणि त्याची गाडी आपल्या छोट्या हत्तीहून लहान असते. तिथल्या केइ ट्रक या वर्गाची मर्यादा कायद्याने ठरलेली आहे: 660 सीसीचं इंजिन, 3.4 मीटर लांबी, 1.48 मीटर रुंदी आणि 350 किलो भार. पण याच चिमुकल्या गाडीत चारही चाकांना ताकद आणि चिखलात अडकल्यावर उपयोगी पडणारं डिफरन्शियल लॉक मिळतं. बांधावरून जाईल, खाचराच्या कडेला उभी राहील, निसरड्यावर चढेल, असा तिचा विचार झालेला आहे. सुझुकीची कॅरी 1961 पासून या वर्गात आहे आणि आपल्याकडची सुपर कॅरी त्याच घराण्यातली. मात्र भारतात ती दोन चाकांच्या ताकदीवरच मिळते. मावळपट्ट्यातल्या भातशेतकऱ्याला खरी गरज आहे ती अशा लहान पण चारचाकी ताकदीच्या गाडीची. ती इथे कोणी बनवत नाही, म्हणून तो एकतर गरजेपेक्षा मोठी गाडी घेतो, नाहीतर चिखलात अडकणारी लहान गाडी. कंपन्यांनी हा बाजार पाहायला हवा. मावळ, मुळशी, भोर, वेल्हे, जावळीपासून कोकणापर्यंतचा सगळा भातपट्टा यात येतो.

कायद्याच्या काही गोष्टी खरेदीआधी माहीत असलेल्या बऱ्या. मालासह गाडीचं एकूण वजन 3000 किलोपर्यंत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 नुसार तिला माल वाहतुकीचा परवाना लागत नाही. म्हणूनच बऱ्याच पिकअपचं एकूण वजन कंपन्या तीन हजारांच्या किंचित खाली ठेवतात. दोन टनी गाडी घेतली की परवान्याचं काम आणि खर्च मागे लागतो. 7500 किलोपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या साध्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केलं. त्यामुळे घरातल्या लायसन्सधारकाला वेगळा शिक्का घ्यायला नको. पासिंग मात्र चुकत नाही. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. जादा भाराला 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये. 15 ऑगस्ट 2025 ला 3000 रुपयांना सुरू झालेला वार्षिक फास्टॅग पास फक्त खासगी कार, जीप, व्हॅनसाठी आहे. पिवळ्या पाटीच्या पिकअपला खेड-शिवापूरचा टोल प्रत्येक फेरीला भरावा लागतो. पाबे घाटमार्गे गेलात तर टोल वाचतो आणि क्लच झिजतो.

हौद्यात माणसं बसवण्याविषयी मला कळकळीने लिहायचं आहे. भातलावणीच्या दिवसांत बायका पिकअपमधून खाचरावर जातात, मांढरदेवीच्या यात्रेला अख्खी आळी पिकअपमध्ये उभी राहते, लग्नाचं वऱ्हाड तिच्यातूनच निघतं. एसटी वेळेवर येत नाही, दुसरं साधन नाही, हे खरं आहे. पण मालगाडीच्या हौद्यात माणसांसाठी ना आसन असतं, ना आधार. 11 ऑगस्ट 2025 ला, श्रावणी सोमवारी, आपल्याच जिल्ह्यात खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप चढावर कोसळली आणि अनेकींचा जीव गेला. अशा वेळी विमाही पाठीशी उभा राहत नाही. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी विम्यात धरला जातो, हौद्यातले प्रवासी नाहीत. ज्यांना मजूर नियमित न्यावे लागतात त्यांनी कॅम्परसारखी दुहेरी केबिनची गाडी पाहावी. हौदा लहान होतो, पण मागच्या आसनावरची माणसं कायद्याने आणि सुरक्षित बसून जातात. जास्त माणसं असतील तर दोन फेऱ्या कराव्यात.

मग पैसा. बोलेरो पिकअपच्या वर्गातली गाडी रस्त्यावर येईपर्यंत दहा लाखांच्या आसपास जाते असं धरू. 22 सप्टेंबर 2025 पासून मालगाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, हा मोठा दिलासा. दुसरीकडे 2025-26 च्या राज्य अर्थसंकल्पात 7500 किलोपर्यंतच्या हलक्या मालगाड्यांना 7 टक्के एकरकमी कर ठरला, तोही धरायला हवा. आठ लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत, म्हणजे महिन्याला सुमारे 17,000 रुपये हप्ता. वर्षाला दोन लाख चार हजार. स्वतःच्या मालाच्या वर्षात 50 खेपा होत असतील तर प्रत्येक खेपेवर नुसत्या हप्त्याचे चार हजारांहून जास्त रुपये बसतात. त्यात डिझेल, विमा, टायर, चालक आलेले नाहीत. आता गावातल्या भाड्याच्या पिकअपला मार्केट यार्डाच्या एका खेपेचे किती द्यावे लागतात ते विचारा. दोन एकर भाताच्या घराला उत्तर तिथेच मिळेल: भाड्याची गाडी स्वस्त पडते.

गाडी घेऊन इतरांची भाडी मारायची असतील तर हिशेब बदलतो, पण मग तो शेतीला जोडलेला स्वतंत्र धंदा होतो आणि त्याला रोज चालक लागतो. तीन-चार भाजीवाल्या घरांनी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने मिळून एक गाडी घेणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं. फक्त खेपांची वही, डिझेलचा वाटा आणि दुरुस्तीचा निधी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवायला हवा. भावकीत गाडीवरून होणारी भांडणं बहुतेक याच न लिहिलेल्या गोष्टींची असतात. अनुदानाच्या आशेने थांबू नका. महाडीबीटीवरच्या कृषी यांत्रिकीकरणात ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर येतात, पिकअप येत नाही. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाच्या व्याज परताव्यासारख्या योजनेत तुमची गाडी बसते का, हे मात्र कर्जाच्या अर्जाआधी विचारून घ्या, कारण अशा योजनांच्या अटी बदलत राहतात. घरात ट्रॅक्टर आहे, माल गावाच्या आसपासच हलतो, तर ट्रॉली पुरते.

इंधनाबाबत माझं मत स्पष्ट आहे. घाटातल्या पूर्ण भारासाठी आज डिझेलच. सीएनजी महामार्गाच्या कडेच्या गावांना परवडेल, पण टाक्यांचं वजन मालाच्या क्षमतेतून जातं आणि चढावर जोर कमी पडतो. विजेवरची टाटा एस 2022 पासून आहे. दूध संकलनासारख्या ठरलेल्या, कमी अंतराच्या फेऱ्यांना ती शोभेल. खोऱ्यातून पुण्याची फेरी तिच्यावर अवलंबून ठेवण्याइतकी चार्जिंगची सोय अजून वाटेत नाही. डिझेल गाडी घेताना एक लक्षात ठेवा. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारून गाडी बंद केली तर जाळी तुंबते आणि दिवा लागतो. अधूनमधून महामार्गावर सलग अर्धा तास चालवणं हा तिचा साधा उपाय. दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर दुरुस्ती महागात जाते, आणि हे काम गावच्या मिस्त्रीच्या हातातलं राहिलेलं नाही. म्हणून कंपनीचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, हे गाडीच्या रंगाआधी विचारायला हवं.

जुनी गाडी घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की हौद्याचा नवा रंग पाहू नका. खाली वाकून चासीला वेल्डिंग आहे का, पाटे वाढवलेले आहेत का, शेणखताने पत्रा कुजलाय का ते पाहा. बँकेचा बोजा उतरल्याची नोंद आरसी बुकात असल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

माझा कौल असा. खोऱ्यातल्या लहान भातशेतकऱ्याने नवी पिकअप एकट्याने घेऊ नये. रोज दूध किंवा थोडी भाजी असेल आणि घाट ओलांडायचा नसेल तर एक टनाच्या आतली लहान गाडी घ्यावी. घाट ओलांडून दीड टनापर्यंत माल नेणाऱ्यांनी इंट्रा व्ही-50 किंवा दोस्त पाहावी. सतत भाडी मारणाऱ्यांना आणि खराब वाटेवर राहणाऱ्यांना बोलेरो पिकअपच्या वर्गाला आज पर्याय नाही, कारण सुटे भाग आणि तिची नस ओळखणारा मिस्त्री भोरपासून शिरवळपर्यंत मिळतो. कोणतीही घ्या, पण बुकिंगचे पैसे देण्याआधी विक्रेत्याला सांगून चाचणीच्या गाडीत तुमच्या मालाएवढं वजन भरा आणि तुमच्याच घाटात ती चढवून उतरवून पाहा. रिकाम्या गाडीची शोरूमभोवतीची चक्कर चाचणी म्हणून मान्य करू नका. भरलेली गाडी घाटात न्यायला जो विक्रेता तयार होणार नाही, त्याच्याकडून गाडी घेऊ नका.